परक्या दारावरचा कागद

"मेलेल्याला दार द्या, जिवंताला वाट द्या." झाफिर हे वाक्य खळ ढवळताना म्हणायचा, शिडी खांद्यावर घेताना म्हणायचा, आणि दारूच्या दुसऱ्या पेल्यानंतर तर कुणी विचारलं नसलं तरी म्हणायचा.

आमच्या बोरोवो गावात माणूस गेला की त्याचा फोटो, त्याचं नाव आणि भोवती काळी चौकट असा कागद त्याच्या घराच्या दारावर लागतो. चर्चच्या फाटकावर लागतो, पाणवठ्याजवळच्या अक्रोडाच्या बुंध्यावर लागतो, बसथांब्यावर लागतो. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षानं पुन्हा नवा. जुना कागद कुणी काढत नाही. तो पाऊस काढतो, ऊन काढतं, आणि त्यांना जमेल तेवढा वेळ ते घेतात. रोडोपीच्या डोंगरात आता अशी गावं आहेत जिथे दारावरचे चेहरे आतल्या चेहऱ्यांपेक्षा जास्त आहेत.

हे कागद चिकटवायचं काम झाफिरकडे होतं. त्याला कुणी नेमलं नव्हतं. तरणी पोरं गाव सोडून गेली, शिडीवर चढणारा तो एकटा उरला, एवढंच. खळ तो स्वतः करायचा. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, आणि ठेचलेली लसणाची पाकळी, कारण आमच्याकडे गोगलगायींना खळ आवडते आणि त्या कागदासकट माणूस खाऊन टाकतात. तळहात कागदावरून मधून कडेकडे फिरवायचा, जसा आपण झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतो. मग दोन पावलं मागे होऊन टोपी काढायचा आणि निघून जायचा. दुःखाच्या घरात तो बसत नसे. दोन शब्द बोलत नसे. "मला बोलता येत नाही, मला चिकटवता येतं," म्हणायचा.

एरवी मात्र त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. म्हातारी ग्युर्गा बसथांब्याच्या बाकावर बसून त्याला छेडायची, "काय रे झाफिर, मला कुठं लावशील?"

"तुमचा जबडा केवढा, आजी. तुम्हाला अख्खा बसथांबा लागेल."

"आधी तुझी बायको तुला लावते की नाही बघ."

"ती नाही लावायची. तिची खळ पातळ होते."

आणि मग कामेनचा कागद आला. कामेन त्याचा एकुलता एक मुलगा. इथे, मी आता असतो त्या स्पेनमध्ये, सारागोसा शहरात राहायचा, उन्हाळ्यात पीचच्या बागांत कामाला जायचा. जूनच्या एका पहाटे मजुरांची गाडी रस्त्यावर उलटली. शवपेटी गावी गेली, पुरणं झालं, आणि दारावरचा कागद बापानं स्वतः लावला. मी तिथे नव्हतो, पण मला सांगितलं गेलं की त्या दिवशी त्यानं टोपी काढली नाही. विसरला असेल. किंवा दोन पावलं मागे व्हायचं राहून गेलं असेल.

मीही बोरोवोचाच. इतकी वर्षं सारागोसात कांद्याच्या गोदामात काम करतो, इथलंच पाणी पितो, इथल्याच वाऱ्याला शिव्या घालतो. म्हणून डिसेंबरात झाफिरचा फोन मला आला.

"स्लावी, सहा महिने होतायत. आम्ही येतोय."

"इथे? दादा, कबर तर गावात आहे."

"कबरीला कळलंय. तो जिथे राहत होता त्या दाराला कळलेलं नाही."

ती दोघं सकाळी बसमधून उतरली तेव्हा मी त्यांना लगेच ओळखलं, कारण सगळे उतरून चालू लागले आणि ही दोघं उतरून उभी राहिली. वेलिकावहिनीच्या छातीशी कापडी पिशवी होती, तिच्यात गहू. झाफिरच्या कोटाच्या आत कागदांची गुंडाळी. तो वर, बसठाण्याच्या छपराकडे बघत होता.

"एवढं मोठं छप्पर," तो म्हणाला, "आणि खाली एक मेंढी नाही."

"तुला मेंढ्याच दिसायच्या," वहिनी म्हणाली. "माणसं बघ की."

"बघितली. सगळी घाईत आहेत. मेंढ्या बऱ्या."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर वहिनीनं ती दिली नाही. म्हणाली, "आधी चूल दाखव, भाऊजी."

माझ्या स्वयंपाकघरात तिनं गहू शिजायला ठेवले. आमच्याकडे गेलेल्याच्या नावानं गहू शिजवतात, त्यात साखर, अक्रोड आणि भाजलेलं पीठ घालतात आणि येईल त्याच्या हातावर ठेवतात. घेणाऱ्यानं खायचं आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. उरलेले गहू घरी परत न्यायचे नसतात. परत गेले तर गेलेला माणूस उपाशी परतला असं धरतात.

झाफिर दुसऱ्या शेगडीवर खळ ढवळत होता. एका खोलीत दोन भांडी, दोन्हींत गहूच. नवराबायको एकमेकांकडे पाठ करून ढवळत होती.

मी म्हणालो, "दादा, आधीच सांगतो. इथे असे कागद कुणी लावत नाही."

"मग कोण गेलं ते यांना कळतं कसं?"

"वर्तमानपत्रात येतं. नाहीतर नाही कळत."

तो बराच वेळ ढवळत राहिला. "मग इथे मरण्यात काही राम नाही," म्हणाला.

"आणि वहिनी, अनोळखी माणसाच्या हातचं इथे कुणी खात नाही."

वहिनीनं आच कमी केली. "मला सगळी नकोत. एक हवं. गावात ज्यांनी त्याचे गहू खाल्ले ते सगळे त्याचं नाक गळायचं तेव्हाचे ओळखणारे. पुरुष झाला तो इथे. पुरुष झालेल्या माझ्या मुलाला ओळखणारं एक माणूस चमचाभर खाऊ दे आणि देव क्षमा करो म्हणू दे. मग मी घरी जाते."

कामेनच्या खोलीत जे दोघं राहायचे त्यांतला एक त्याच गाडीत होता, दुसरा ऑलिव्हच्या कामाला दक्षिणेकडे निघून गेला होता. त्या दारामागे आता दुसरेच लोक राहत होते. पण इतक्या लांबून आलेल्या बाईला हे शिजत्या गव्हासमोर सांगायचं कसं?

कामेनची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंनी उंच विटांच्या इमारती, आणि वरून तो वारा. इथे त्याला सिएर्सो म्हणतात. डोंगरातून येतो, पण आमच्या डोंगरवाऱ्यासारखा थांबून श्वास घेत नाही. मी दार दाखवलं. झाफिरनं त्यावर बोटांची पेरं वाजवली. लोखंड आणि काच.

"लाकूड नाहीच का कुठे?"

"नाही."

"काचेला खळ धरते, पण प्रेमानं नाही धरत," तो म्हणाला, आणि कामाला लागला.

मी त्याला पुष्कळदा चिकटवताना पाहिलं होतं, पण वाऱ्याशी असा झगडताना नाही. कागद शिडासारखा फुगायचा, तो कपाळ टेकवून दाबून धरायचा, आणि मग तळहात मधून कडेकडे. एक दारावर लागला, एक शेजारच्या भिंतीवर, एक कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबावर. तीन ठिकाणी कामेन. हसरा, भुऱ्या केसांचा, कुठल्याशा लग्नातला फोटो.

मग आम्ही दाराशी उभे राहिलो. वहिनी भांडं घेऊन, भांड्यावर धुतलेलं फडकं, फडक्यावर चमचा.

लोक येत होते, जात होते. बहुतेक जण आमच्याकडे न बघता कडेनं जायचे. एका सभ्य गृहस्थानं चालता चालता वहिनीच्या फडक्यावर एक नाणं ठेवलं. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिची मान अशी लाल झाली की मी दुसरीकडे पाहिलं. झाफिर नाणं घेऊन त्याच्यामागे धावला आणि परत देऊन आला.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"काहीतरी म्हणाला. मीही काहीतरी म्हणालो. दोघांचं भागलं."

पण काही जण कागदापाशी थांबू लागले. एका मुलीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. एका बाईनं वहिनीचा दंड धरला, डोळ्यांत पाणी आणून काही बोलली आणि गेली. वहिनीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ऊन पडल्यासारखं झालं.

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "तू म्हणत होतास घाईत आहेत. काय म्हणाली ती, भाऊजी?"

ती बाई म्हणाली होती, धीर सोडू नका, सापडेल.

मी झाफिरला बाजूला घेतलं. "दादा, यांना वाटतंय कामेन हरवलाय. इथे खांबावर कुणाचा फोटो लागतो तो हरवलेल्याचा. अक्षरं आपली, ती यांना वाचता येत नाहीत."

"आणि काळी चौकट?"

"ती इथे जुन्या सोफ्याच्या जाहिरातीलाही असते."

झाफिर आपल्या कागदाकडे नव्यानं बघत राहिला. आयुष्यभर त्याचा कागद कधी खोटं बोलला नव्हता. गावात तो दुरूनच कळायचा, न वाचता कळायचा.

पुढे जी बाई थांबली तिला मी खरं सांगितलं. तिनं छातीवर क्रुसाची खूण केली, गव्हाकडे वाढवलेला हात मागे घेतला आणि माफी मागत निघून गेली. मेलेल्याचं अन्न, तेही परक्या मेलेल्याचं. तिला दोष कसा द्यायचा?

दुपार कलली तेव्हा बाजाराची चाकांची पिशवी ओढत एक म्हातारी दाराशी आली. किल्ली काढली, काचेवरचा कागद पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला.

"हा तर भुऱ्या," ती म्हणाली. "आमचा चौथ्या मजल्यावरचा भुऱ्या."

मी विचारलं, "तुम्ही ओळखता याला?"

"ओळखते? माझ्या गॅसच्या टाक्या कोण चढवायचं वर? टाकीवाला पोरगा दारात ठेवून पळतो, आणि हा एका खांद्यावर घेऊन शीळ घालत यायचा. रविवारी माझ्याकडे मसूर खायचा. हे कोण, आईबाप?" तिनं पिशवी सोडून वहिनीचे दोन्ही हात धरले. "रडू नका हो. कुठे नाही गेला. मी पाहिलाय त्याला, ह्याच सोमवारी. बसमधून पाहिला, पुलाकडे चालला होता, हात खिशात. मी काच ठोकली, पण ऐकू कसं जाणार?"

"काय म्हणते ही?" वहिनीनं विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. आता वाटतं, का सांगितलं? पण भाषांतर करणाऱ्याच्या तोंडाला त्या वेळी स्वतःचं डोकं नसतं.

वहिनी हलली नाही. तिचे हात म्हातारीच्या हातात तसेच राहिले. मग अगदी हळू म्हणाली, "हात खिशात. त्याला सवय होती."

म्हातारीचं नाव फेलिसा. तिनं आम्हाला वर नेलं, पहिल्या मजल्यावर. बसायला लावलं, कॉफी ठेवली, आणि सगळा वेळ बोलत राहिली. कामेन कसा तिच्या मसुरात मिरची घालायला बघायचा. कसा तिच्या नवऱ्याच्या जुन्या खुर्चीत बसायचा आणि ती मोडेल म्हणून अर्धाच टेकायचा. "पण मी रागावलेय हं," ती म्हणाली. "न सांगता गेला. इतक्या दिवसांत एक शब्द नाही. सापडला की सांगा त्याला, फेलिसा बोलणार नाही म्हणावं तुझ्याशी. पण मसूर ठेवते म्हणावं."

मी सांगत गेलो. झाफिर त्याच जुन्या खुर्चीत बसला होता, अर्धाच टेकून. अचानक तो उठला, टोपी काढली.

"स्लावी, सांग तिला."

"काय सांगू, दादा?"

"तेच." त्यानं ओठ उघडले. मी वाट पाहिली. फेलिसाही त्याच्याकडे हसऱ्या तोंडानं बघत होती, पाहुण्याला काही हवं असेल म्हणून. पण शब्द आला नाही. तेव्हा मला कळलं की गावातल्या प्रत्येक दाराला मरण सांगणाऱ्या या माणसानं ते तोंडानं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या मुलाचंसुद्धा नाही. चिकटवलं होतं फक्त.

"थांब," वहिनी म्हणाली. "नको सांगू."

"अगं, ज्याच्यासाठी आलो ते हेच माणूस ना? हिनं खायचं, हिनं म्हणायचं. मेला हे कळल्याशिवाय कशी म्हणेल?"

"मग नको म्हणायला."

"मग गहू?"

"गहू राहिले तर राहिले." तिचा आवाज चढला नव्हता. "मी सहा महिने एका दारातून आत जाते आणि बाहेर येते, आणि दोन्ही वेळेला तो माझ्यासमोर असतो, चौकटीत. इथे एक दार आहे जिथे तो सोमवारी दिसला. तेवढं राहू दे, झाफिर."

"खोटं आहे ते."

"मी कुठे काही बोलले? ती म्हणते पाहिला. म्हणू दे तिला."

"आणि खालचा कागद? उद्या आपली अक्षरं वाचणारं कुणी जाईल या गल्लीतून. वाचून दाखवेल हिला."

फेलिसा माझ्याकडे वळून कुजबुजली, "भांडतायत का? असं होतं. माझा भाऊ हरवला होता तेव्हा आईबाबाही भांडायचे."

झाफिर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली दिव्याच्या खांबावर कागदाचा एक कोपरा सुटून फडफडत होता. कॉफी थंड झाली.

"तिच्याकडून कोमट पाणी माग," तो म्हणाला. "आणि एक फडकं."

मला आधी कळलं नाही. वहिनीला कळलं. तिनं तोंडावर हात घेतला आणि मान खाली घातली.

पाण्याची बादली घेऊन तो एकटाच खाली गेला. मी निघालो तर म्हणाला, "तू बस. हे काम माझं आहे."

वहिनीनं डोळे पुसले, भांड्यावरचं फडकं काढलं आणि फेलिसाच्या बशीत गहू वाढले. सणाचं गोड वाढावं तसे. फेलिसानं चाखलं, अजून एक चमचा घेतला.

"तुमच्या गावचं का हे? त्याला आवडतं?"

"आवडतं म्हणते," मी वहिनीला न विचारताच सांगितलं.

फेलिसानं बशी संपवली, ओठ टिपले. "देव सांभाळो पोराला," म्हणाली, "जिथे असेल तिथे."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी शब्दाला शब्द सांगितला. ती थोडा वेळ ते आपल्या तोंडात घोळवत राहिली.

"चालेल," म्हणाली, आणि भांडं उचलून फेलिसाच्या ओट्यावर ठेवलं, सगळंच्या सगळं.

आम्ही तिघं खिडकीशी आलो. दारावरचा आणि भिंतीवरचा कागद निघालेला होता. झाफिर खांबापाशी होता. फडकं भिजवायचा, कागदावर धरून ठेवायचा, खळ सैल व्हायची वाट बघायचा. ओरबाडत नव्हता. नखानं कड उचलून, कडेकडून मध्याकडे, चेहरा फाटणार नाही अशा बेतानं सोडवत होता. त्याची खळ घट्ट होती, आणि ती सोडवायचा हात त्याला नवीन होता. शेवटचा तुकडा आला तेव्हा त्यानं तिन्ही ओले कागद एकमेकांवर ठेवले, कोटाच्या आत घातले, आणि बादली दाराशी उलटी करून ठेवली.

फेलिसानं खिडकी उघडली. वारा आत आला. "का काढले?" तिनं मला विचारलं.

"वारा राहू देत नाही," मी म्हणालो.

"बरोबर आहे. हाच वारा सगळं घेऊन जातो." आणि ती बाहेर वाकून झाफिरला ओरडून सांगू लागली, "तिकडे, पुलाकडे. उजवीकडे वळा. तिकडेच चालला होता तो."

झाफिरला तिची भाषा येत नव्हती. त्यानं वर पाहिलं, तिच्या लांब केलेल्या हाताकडे पाहिलं, मग तो हात जिकडे होता तिकडे पाहिलं. माझं घर डाव्या बाजूला होतं, बसचं ठाणंही डावीकडेच. मी हाक मारणार होतो, पण वहिनीनं माझ्या बाहीला धरलं.

तो उजवीकडे वळला. कोट छातीशी धरून, वाऱ्यात डोकं घालून, नदीच्या पुलाकडे चालत गेला. फेलिसा हात हलवून दिशा दाखवत राहिली, वहिनी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि गल्लीच्या टोकाला तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिघं बघत होतो.